कोल्हापूर जवळ आले, तारीख?

सकाळी पेपर उघडला की आधी राजकारण, मग कोर्टाच्या बातम्या, शेवटी पाऊसपाणी, हा माझा जुना क्रम. पावसाळ्यात तो उलटा होतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी नदीची पातळी कळल्याशिवाय चहा गोड लागत नाही. 45 फूट म्हणजे धोका, हे इथे शाळकरी पोरही सांगते.

2025 च्या पावसाळ्यात मात्र कोर्टाची बातमीच वर आली: 18 ऑगस्टपासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सातारा, सांगलीसह सहा जिल्हे त्याच्याकडे आले. त्यासाठी वकिलांनी चार दशके मोर्चे काढले, कामकाजावर बहिष्कार टाकले. श्रेयाला आता सगळे पक्ष पुढे. घ्या बापडे! मला आठवतात ते जत, माण तालुक्यांतले पक्षकार. वाटपाच्या अपिलासाठी रात्रीच्या एसटीने मुंबई गाठायची, दिवसभर ताटकळायचे आणि तारीख घेऊन परतायचे.

अंतर तुटले, पण वेळेचे काय? दिवाणी दावा आजोबा लावतात, नातू चालवतो. मधे कोणी वारले की वारसांची नावे लावा, नोटिसा बजावा, मोजणीला कमिशनर नेमा. तोवर बांधावरची भांडणे तिसऱ्या पिढीत पोचतात.

म्हणून बाररूममध्ये म्हटले, आता एक मोर्चा तारखांविरुद्ध काढू. ज्युनिअर मंडळी हसली. एकजण म्हणाला, ''साहेब, मोर्चाची तारीख कोणती धरायची?''