लॉयझागा ते ब्राउनली

एशियाड म्हटलं की आमच्या पिढीला आधी एसटीची निमआराम गाडी आठवते. मग रंगीत दूरदर्शन, अप्पू हत्ती, उषाची दोन रौप्यपदकं आणि हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून बसलेला 7-1चा मार. 1982च्या त्या दिल्लीत बास्केटबॉलही झाला, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नाही. दक्षिण कोरियाने चीनला 85-84 असं एका गुणाने हरवलं होतं! तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय नियमांत 1984ला आली. त्याआधी कितीही लांबून चेंडू जाळीत घाला, पदरात पडायचे दोनच गुण.

त्याच्याही आधीची दिल्ली, मार्च 1951. पहिलं एशियाड. बास्केटबॉलला संघ पाच: फिलिपिन्स, जपान, इराण, भारत आणि ब्रह्मदेश. क्रमही हाच लागला, म्हणजे आपण चौथे. पदकाच्या इतक्या जवळ आपला पुरुष संघ पुन्हा कधी गेला नाही. चेंडू अमुक सेकंदांत टोपलीकडे टाकलाच पाहिजे, असा नियमही तेव्हा नव्हता. आघाडी घेतलेल्या संघाने तो आपसांत फिरवत बसावं आणि समोरच्यांनी चडफडावं. स्त्रियांचं बास्केटबॉल तर एशियाडमध्ये यायला 1974चं तेहरान उजाडावं लागलं.

जुन्या एशियाडचा खरा राजा फिलिपिन्स. 1951, 54, 58 आणि 62 अशी ओळीने चार सुवर्णपदकं, आणि चारही वेळा संघात कार्लोस लॉयझागा. 1954ला रिओच्या जागतिक स्पर्धेत याच मंडळींनी तिसरा क्रमांक मिळवला. त्याच्या वर आशियातला एकही पुरुष संघ आजवर गेलेला नाही. हा खेळ तिथे नेला अमेरिकन राजवटीने आणि वायएमसीएने, पण रुजवला गल्ल्यांनी. मनिलाच्या कुठल्याही वस्तीत खांबाला कडं ठोकलेलं दिसेल, आणि खाली पायात साध्या चपला घालून उड्या मारणारी पोरं.

आपल्याकडे त्या पोरांची चुलत भावंडं शोधायची तर नागपाड्यात जावं. तिथेही खेळ आला तो अमेरिकन मिशनऱ्यांच्या हातून. ज्या नागपाडा नेबरहूड हाउसमध्ये 1936ला टाटांची समाजकार्याची शाळा सुरू झाली, तिथेच मोहल्ल्यातली मुलं ड्रिबल करायला शिकली. त्यांच्यातलाच अब्बास मुंतसिर पुढे भारताचा कर्णधार झाला, 1970चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. बीज जवळपास एकच, पण मनिलात त्याचं रान झालं आणि मुंबईत एका मोहल्ल्यापुरती बाग राहिली. क्रिकेटला दोष देऊन मोकळं होता येतं, मला ते पुरेसं वाटत नाही. नागपाड्याबाहेर किती महापालिका शाळांच्या पटांगणात कडं लागलं, हेही मोजायला हवं.

1962नंतर फिलिपिन्सचं सुवर्ण हरवलं. इस्रायल तेव्हा आशियात खेळत असे, त्याने 1966 आणि 1974 नेलं. मधल्या 1970ला कोरिया. त्या संघातला शिन डाँग-पा म्हणजे मनिलाचा लाडका शत्रू: 1969च्या आशियाई अजिंक्यपदात त्याने फिलिपिन्सविरुद्ध एकट्याने 50 गुण केले, तेही तीन गुणांच्या रेषेविना. पुढे चीन उंच झाला आणि बाकीचे मान वर करून बघत राहिले. 1990ला फिलिपिन्सने प्रथमच व्यावसायिक खेळाडू उतरवले, तरी बीजिंगच्या अंतिम सामन्यात चीनच भारी पडला. पण उंचीचंही काही खरं नसतं. 2002ला बुसानमध्ये सव्वासात फुटांहून उंच याओ मिंग समोर असताना कोरियाने जादा वेळेत 102-100 असा सामना काढला.

आणि मग हांगझोऊ, ऑक्टोबर 2023. उपांत्य सामन्यात चीनची आघाडी वीसपर्यंत गेलेली. शेवटच्या मिनिटात जस्टिन ब्राउनलीने लांबून दोनदा तीन-तीन गुण मारले, फिलिपिन्स 77-76. मग जॉर्डनला 70-60 हरवून 61 वर्षांनी सुवर्ण. ब्राउनली मूळचा अमेरिकन, त्याच वर्षी फिलिपिनो नागरिक झालेला. गंमत म्हणजे जॉर्डनचा हुकमी एक्का हॉलिस-जेफरसनही अमेरिकनच, आणि दोघं एरवी मनिलाच्या लीगमध्ये एकमेकांविरुद्ध खेळणारे.

जुन्या माणसाला हे जरा खुपतं. लॉयझागा मनिलाचाच पोर होता, त्याला नागरिकत्व द्यायला कायदा करावा लागला नव्हता. पण ब्राउनली तिथल्या लीगमध्ये कित्येक वर्षं खेळलेला, लोकांनी आपला मानलेला. त्याला भाडोत्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोन-चार आठवड्यांसाठी पासपोर्ट घेणाऱ्यांबद्दल मात्र रेटते.

2018च्या जाकार्तापासून एशियाडमध्ये तीन विरुद्ध तीनचा बास्केटबॉलही आलाय. अर्धं मैदान, एकच टोपली, दहा मिनिटं; एकवीस गुण आधी झाले तर खेळ तिथेच खलास. टीव्हीवर त्याला नवा, वेगवान प्रकार म्हणतात. मनिलाच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना हे ऐकून हसू येत असणार.