लंबकाचे वीस झोके

प्रयोगाच्या मेजाभोंवतीं पांच-सहा विद्यार्थी जमावे, एकानें प्रयोग करावा व बाकीच्यांनीं त्याच्या वहींतून उत्तर उतरून घ्यावें, हा प्रकार आम्ही पुष्कळ वर्षें पाहत आलों, आणि चालूंही देत आलों. एकत्र बसणें म्हणजे एकत्र शिकणें नव्हे, हें आम्हांस उशिरा उमगलें.

१९७१ सालीं अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत, ऑस्टिन शहरीं, निरनिराळ्या वर्णांचीं मुलें एका वर्गांत आलीं व त्यांच्यांत तेढ माजली. तेव्हां एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञांनीं एक रीत योजिली. गटांतील प्रत्येकास धड्याचा एकच भाग द्यावयाचा. तोच भाग मिळालेलीं सर्व गटांतील मुलें एकत्र बसून त्याचा अभ्यास करितात व मग स्वगटांत परतून सोबत्यांस शिकवितात. सर्व धडा कोणा एकाच्याच हातीं नसल्यामुळें प्रत्येकाचें म्हणणें ऐकावेंच लागतें.

हीच रीत आम्हीं इयत्ता नववींत लंबकाच्या प्रयोगास लाविली. दोऱ्याची लांबी, गोळ्याचें वजन व झोक्याचा विस्तार असे तीन भाग केले. एका गटांत लांबीचा भाग वर्गांतील सर्वांत हुशार मुलाकडे आला, व वजनाचा भाग सहसा न बोलणाऱ्या एका मुलाकडे. गटांत परतल्यावर पहिला म्हणाला, "१०० सेंटिमीटर दोऱ्यास २० झोक्यांना ३८ सेकंद लागतात." दुसरा हळूच म्हणाला, "आमचा दोराही तेवढाच होता. गोळे बदलले, तरी दर वेळीं ४० सेकंदच आले." तिसरा हसला. आमचें मनही, सांगावयास लाज वाटते, हुशार मुलाकडेच झुकलें होतें; परंतु मध्यें बोलावयाचें नाहीं असें ठरविल्यामुळें आम्ही गप्प राहिलों.

"तूं पुन्हां मोज रे, मी बघतों," तो अबोल मुलगा म्हणाला. पहिल्यानें गोळा सोडतांनाच 'एक' म्हटलें! म्हणजे 'वीस' म्हणेपर्यंत झोके एकोणीसच होत होते. लांबीच्या मेजावरील कोणीही ही चूक पकडली नव्हती. कारण त्याचें चुकेल, असें कोणासच वाटलें नव्हतें. गोळा सोडतांना 'शून्य' म्हणतांच ४० सेकंद आले.

आपल्या मुलाचा वेळ दुसऱ्यांस शिकविण्यांत जातो, अशी चिंता कित्येक पालकांस वाटते. त्यांस आम्ही इतकेंच सांगूं, कीं त्या दिवशीं हुशार मुलासच अधिक लाभ झाला. आणि विद्यार्थिमित्रहो, सोबत्याचें उत्तर उतरून घेण्यापूर्वीं, त्यानें तें कसें मोजलें, हें एकदां अवश्य विचारा. आम्हीही आतां विचारूं लागलों आहों.