पुरेसे कारण

2025च्या जूनमध्ये झी मराठीवर ‘देवमाणूस – मधला अध्याय’ ही मालिका सुरू झाली आणि किरण गायकवाड यांनी उभा केलेला तो आर्जवी, हसतमुख खुनी पुन्हा घरोघरी येऊन बसला, तेव्हा पुण्यातील अनेक घरांत पहिल्या पर्वाच्या वेळचे वाद जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू झाले. हा माणूस पैशांसाठी मारतो की मारण्यासाठीच मारतो; त्याचे खरे रूप कळल्यावरही डिंपल त्याची साथ का देते; एसीपी दिव्या सिंगसारख्या जिद्दी अधिकाऱ्याच्या हातून असा आरोपी निसटतोच कसा; आणि स्वतःचा खटला स्वतः लढवणाऱ्या त्या आरोपीची न्यायालयातील सरशी हा लेखकाने विचारपूर्वक टाकलेला डाव होता की मालिका लांबवण्याची निव्वळ सोय, यांवर 2020–21च्या टाळेबंदीत रात्रीच्या जेवणानंतर तासतास खल झालेला होता. 2016मध्ये सातारा जिल्ह्यातील वाई येथे उघडकीस आलेल्या हत्याप्रकरणावर मालिका बेतलेली आहे, हे बहुतेकांना ठाऊक होते. तरी वाद त्या प्रकरणाचा नव्हता, पात्राचा होता.

या वादांचे स्वरूप न्यायालयीन युक्तिवादापेक्षा मुळातच निराळे असते. हेतू, म्हणजे कृत्यामागची प्रेरणा, सिद्ध झाला नाही एवढ्यावरून प्रत्यक्ष पुराव्याचा खटला कोसळत नाही. पुरावा केवळ परिस्थितिजन्य असेल, म्हणजे आजूबाजूच्या गोष्टींवरून अनुमान काढावे लागत असेल, तेव्हा मात्र हेतूचे वजन वाढते. प्रेक्षकाने तर खून डोळ्यांनी पाहिलेला असतो, त्याला पुराव्याची गरजच नसते, आणि तरीही तो कारण मागतो. नुसते कारण नव्हे, खुनाच्या मापाचे, पुरेसे कारण मागतो, आणि ते मिळाले नाही तर लेखक कमी पडला असे म्हणतो.

पुण्यात या मागणीला एक जुना संदर्भ आहे आणि तो अशा गप्पांत आगंतुकासारखा शिरतो. सदाशिव पेठेतील वाड्यात बालपण गेलेल्या प्रस्तुत लेखिकेच्या मनात 1976च्या हिवाळ्याची एकच गोष्ट घट्ट रुतून बसलेली आहे: एरवी रात्री उशिरापर्यंत सताड उघडी असणारी वाड्याची दिंडी दिवेलागणीपूर्वीच बंद होऊन आतून अडसर पडू लागला होता, आणि ओळखीच्या आवाजालाही तीनतीनदा नाव विचारले जात होते. 31 ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीतील जोशी कुटुंबातील तिघांची आणि 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील ‘स्मृती’ बंगल्यात काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह पाच जणांची हत्या झाली होती. पुढे पकडले गेलेले तरुण टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी निघाले. त्यांचा पहिला बळी त्यांच्याच महाविद्यालयातील एक तरुण होता. 1978मध्ये निकाल लागला आणि 27 नोव्हेंबर 1983 रोजी टोळीचा म्होरक्या राजेंद्र जक्कल याच्यासह चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आले.

शहराने ‘का?’ हा प्रश्न मात्र सोडला नाही. हाती लागलेला ऐवज त्या कृत्यांच्या मानाने इतका थोडा होता की लोभ हे उत्तर कोणालाच पटेना, आणि दारू, वाईट संगत, एकाचा उरलेल्यांवरचा दाब ही उत्तरे आळीपाळीने पुढे येत राहिली. आरोपींपैकी एकजण माफीचा साक्षीदार झाला, म्हणजे सर्व काही खरे सांगण्याच्या अटीवर त्याला शिक्षेतून माफी मिळाली; तो पश्चात्तापाने बोलला की जीव वाचवण्यासाठी, यावरही वाड्याच्या ओट्यावर दोन तट पडलेले असत. फाशी गेलेल्या चौघांपैकी मुनव्वर शहा याने तुरुंगात आत्मकथन लिहिले, 1986मध्ये नाना पाटेकर यांची भूमिका असलेला ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपटही आला, पण वाद मिटला नाही. पुढे छोट्या पडद्यावर गुप्तहेर ब्योमकेश बक्षी आला, 1998पासून ‘सीआयडी’मधला शिवाजी साटम यांचा प्रद्युम्न आला, आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस कारण हमखास हाती पडू लागले. ज्यांनी ती दिंडी बंद होताना पाहिली होती, त्यांना या मालिका इतक्या का आवडल्या असतील हे समजणे अवघड नाही.

या सर्व चर्चेविषयी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. मारणाऱ्याला भूतकाळ मिळतो, दुखावलेले बालपण मिळते, संवाद मिळतात, आणि मरणाऱ्याच्या वाट्याला बहुधा फक्त दार उघडणे येते. काशिनाथशास्त्रींचेही तेच झाले. त्यांचे नाव घेताच खटला आठवतो, परंतु 1961मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झालेला त्यांचा संस्कृत व्याकरणाचा इंग्रजी कोश अभ्यासकांच्या मेजावर आजही असतो. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीच्या व्याकरणमहाभाष्याचे, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरील प्राचीन विवरणग्रंथाचे, मराठी भाषांतर केले आणि मुलाने त्याला 1954मध्ये प्रस्तावनेचा स्वतंत्र खंड जोडला. महाभाष्य हा ग्रंथच मुळी वादांचा आहे: एक शंका घेतो, दुसरा अर्धवट उत्तर देतो, तिसरा ते खोडून पुढे जातो, आणि सूत्रातील एखादे अक्षर तिथे का आहे यावर पानेच्या पाने खर्ची पडतात, कारण पाणिनीने एकही अक्षर व्यर्थ घातलेले नाही ही सर्वांची धारणा असते. डिंपलच्या गप्प राहण्याचा अर्थ लावणारा प्रेक्षक नकळत याच श्रद्धेने बोलत असतो, आणि रचलेल्या कथेपुरती ती श्रद्धा योग्यही आहे, कारण तिथे रचणारा कोणीतरी असतो. ज्या विद्वानाचे आयुष्य अक्षराअक्षराचे प्रयोजन शोधण्यात गेले, त्याच्या मृत्यूला मात्र पुरेसे कारण कोणालाही दाखवता आलेले नाही. भांडारकर रस्त्यावरील त्या घराचा विषय निघाला की पुण्यातील बोलणे जक्कलच्या मनाचा तळ शोधू लागते, प्रस्तावनेच्या त्या खंडाकडे वळत नाही, याची रुखरुख प्रस्तुत लेखिकेला त्या चौघांच्या हेतूविषयीच्या कुतूहलापेक्षा कितीतरी अधिक वाटते.