नीटमध्ये जागा हुकली? तयारी दोन्ही आघाड्यांवर करा

पहिल्या प्रयत्नात एमबीबीएसची जागा हुकली तेव्हा "तुम्हाला तर आरक्षण आहे, मग कसं काय?" असं मलाही ऐकवलं गेलं. राखीव जागेसाठीही गुणवत्ता यादीच लागते, हे बोलणाऱ्यांना कोण सांगणार? मी गुणांचा हिशोब मांडला. 720 पैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे; म्हणून एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न ओळ वाचली. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक वजा. म्हणून अंदाजाचा मोह टाळला.

दुसरी आघाडी कागदपत्रांची. राज्याच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र, 15 टक्के अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला. दोन्ही निकालाआधीच हाती हवेत.

मित्रांनो, एका यादीत नाव नाही म्हणजे आपली लायकी नाही, असं नव्हे. हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला; तो बजावण्याची तयारी आपली. जय भीम!