चार देशांत विखुरलेला आर्चबिशप

यानोश वितेझ हा पंधराव्या शतकातील हंगेरीचा बिशप, राजदरबारातील चिटणीस, मुत्सद्दी आणि ग्रंथसंग्राहक. १४०८च्या सुमारास जन्मलेला वितेझ १४७२मध्ये वारला, तेव्हा तो हंगेरीच्या चर्चमधील सर्वांत वरच्या गादीवर होता आणि त्याच वेळी राजाच्या नजरकैदेतही होता. त्याच्या आयुष्यातले सगळे महत्त्वाचे मुक्काम त्या काळी हंगेरीच्या राजमुकुटाखाली येत. आज ते पाहायचे तर क्रोएशिया, रोमानिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी असे चार देश पालथे घालावे लागतात.

त्याचे मूळ गाव झ्रेदना, आजच्या क्रोएशियातील क्रिझेव्त्सी नगराच्या परिसरातले. झाग्रेबहून क्रिझेव्त्सीला रेल्वे जाते. घराणे सरदारी, पण लहान, जमीनजुमला बेताचाच. समकालीन कागदपत्रांत तो ‘झ्रेदनाचा यानोश’ म्हणूनच भेटतो, वितेझ हे नाव त्याला पुढच्या काळाने चिकटवले. अशा घरातल्या हुशार मुलाला वर चढायला दोन वाटा असत, तलवार किंवा चर्च. त्यातली दुसरी थेट राजाच्या दफ्तरात पोचत असे, कारण लॅटिनमध्ये खलिते लिहिणारे हात बहुतेक धर्मगुरूंचेच होते आणि त्यांचा पगारही चर्चच्या उत्पन्नातून परस्पर भागत होता. १४३४मध्ये व्हिएन्नाच्या विद्यापीठात नाव घातलेला वितेझ काही वर्षांतच सम्राट झिगिसमुंडच्या दफ्तरात रुजू झाला. धर्मसेवेपेक्षा लेखणी त्याच्या आयुष्यात आधी आली, आणि पुढेही पुष्कळदा तीच वरचढ राहिली.

दुसरा मुक्काम वाराद, म्हणजे रोमानियाच्या पश्चिम सीमेलगतचे आजचे ओराद्या. शहरात शिरल्यावर दिसणारा पंचकोनी किल्ला वितेझच्या नंतरचा आहे. त्याचे बुरूज १५६९नंतरच्या अर्धशतकात उभे राहिले. वितेझचे कॅथीड्रल मात्र नाहीसे झाले आहे. हंगेरीचा संत राजा लास्लो त्या कॅथीड्रलमध्ये पुरला होता, आणि त्याच्या सान्निध्यात विसावा मिळावा म्हणून झिगिसमुंडनेही १४३७मध्ये दफनासाठी हीच जागा पसंत केली. बाहेर मार्टोन आणि ज्यॉर्ज या कोलोज्वारच्या भावांनी घडवलेला लास्लोचा सोनेरी मुलाम्याचा अश्वारूढ पुतळा होता. १६६०मध्ये तुर्कांनी किल्ला घेतला तेव्हा तोही गेला. वाराद पाहताना म्हणून डोळ्यांपेक्षा वाचलेल्या मजकुरावरच अधिक विसंबावे लागते.

वितेझ येथे बिशप झाला तो १४४५मध्ये, यानोश हुन्यादीच्या पाठबळावर. तुर्कांशी लढून नाव कमावलेला हुन्यादी पुढच्याच वर्षी अल्पवयीन राजा लास्लो पाचवा याच्या नावाने राज्याचा कारभारी बनला. हुन्यादी लढवय्या होता, लॅटिन हे काही त्याचे शस्त्र नव्हते. पोपला, सम्राटाला, शेजारच्या राजांना जाणारी त्याची पत्रे वितेझच्या लेखणीतून उतरत. पाल इव्हानिच या धर्मगुरूने ही पत्रे १४५१पर्यंत एकत्र केली आणि त्यांतील अवघड जागांवर टिपाही जोडल्या. मदतीची याचना, पराभवाचा खुलासा, धीर देणे आणि दटावणे, असा सगळा ऐवज त्यात आहे. हंगेरीत इटालियन वळणाचे लॅटिन गद्य कधी रुजले, याचा पहिला भक्कम पुरावा म्हणजे हे दफ्तर.

वारादचा वाडा ग्रंथांनी भरू लागला तोही याच काळात. वितेझने आपल्या बहिणीच्या मुलाला, पुढे यानुस पान्नोनियुस या नावाने गाजलेल्या कवीला, १४४७मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी फेरारा येथे ग्वारिनोच्या शाळेत धाडले. या भाच्याने वारादचा निरोप घेताना लिहिलेली कविता हंगेरीत आजही शाळेत शिकवली जाते. बर्फातला प्रवास, गरम पाण्याचे झरे, मामाचे ग्रंथालय, राजांचे सोनेरी पुतळे, सारे तिच्यात येते. नाहीशा झालेल्या वारादचे दर्शन घडवायला आजच्या माहितीफलकांपेक्षा ती अधिक उपयोगी पडते.

वितेझचा ग्रहताऱ्यांवर गाढ विश्वास होता. तो पंचांगवजा ग्रहकोष्टके सतत जवळ बाळगी आणि ती पाहिल्याशिवाय काही करत नसे, असे त्याला ओळखणारा इटालियन विद्वान गालेओत्तो मार्झिओ सांगतो. व्हिएन्नाचा ज्योतिर्विद पॉयरबाख याने त्याच्यासाठी ग्रहणांची कोष्टके तयार केली, ती वारादचे रेखावृत्त प्रमाण धरून. एका बिशपच्या हौसेपायी हे सीमावर्ती शहर काही काळ युरोपीय खगोलगणिताचा आरंभबिंदू ठरले होते.

१४५६मध्ये बेलग्रेड वाचवून हुन्यादी साथीच्या रोगाने मेला आणि घराणे कोसळायला आले. थोरल्या मुलाचा मार्च १४५७मध्ये बुडा येथे शिरच्छेद झाला, धाकटा मात्याश कैदी म्हणून प्रागला गेला आणि वितेझलाही थोडे दिवस अटक भोगावी लागली. त्याच वर्षाअखेर राजा लास्लो अचानक वारला. जानेवारी १४५८मध्ये सरदारांनी मात्याशला राजा निवडले, तेव्हा तो अजून पंधराचाही झाला नव्हता. त्याच्या शिक्षणावर वितेझनेच देखरेख ठेवली होती आणि त्याला परत आणायलाही वितेझच गेला. राजमुकुट मात्र सम्राट फ्रेडरिक तिसरा याच्याकडे गहाण पडला होता. तो सोडवण्याच्या वाटाघाटींत वितेझ होता. १४६३मध्ये ऐंशी हजार सोन्याची नाणी मोजून मुकुट परत आला आणि पुढच्या वर्षी मात्याशचा राज्याभिषेक झाला. १४६५मध्ये वितेझ एस्टेरगोमचा आर्चबिशप झाला.

याच वर्षी पोप पॉल दुसरा याने हंगेरीत विद्यापीठ काढायला परवानगी दिली. पेच आणि ओबुडा येथील आधीची विद्यापीठे केव्हाच मावळली होती आणि विद्यार्थी व्हिएन्ना किंवा क्राकोची वाट धरत होते. जागा ठरली पोझोन्य, म्हणजे स्लोव्हाकियाची आजची राजधानी ब्रातिस्लाव्हा. तेथील जुन्या गावातल्या व्हेंतूर्स्का रस्त्यावर त्या वेळची इमारत अजून उभी आहे आणि तिच्यात नाट्य-संगीत-चित्रपट शिकवणारी संस्था चालते. रस्त्याला दुतर्फा कॉफीची टेबले. त्यांच्यामधून जाणाऱ्याला इमारतीवरचा फलक शोधावाच लागतो. १४६७मध्ये येथे वर्ग सुरू झाले, वितेझ कुलपती होता. खगोलगणिती रेगिओमोन्टानस आणि पोलिश ज्योतिषी मार्चिन बिलित्सा हे दोघेही हंगेरीत दाखल झाले. विद्यापीठाची रीतसर कुंडलीही मांडली गेली. ती फारशी फळली नाही. वितेझच्या पश्चात विद्यापीठाला वाली उरला नाही आणि १४९०च्या सुमारास ते बंद पडले.

ब्रातिस्लाव्हाहून बुडापेस्टकडे जाणारी रेल्वे डॅन्यूबच्या डाव्या काठावरील श्तुरोव्हो गावावरून जाते. तेथून मारिया व्हालेरिया पूल पायी ओलांडला की एस्टेरगोम. १८९५चा हा पूल १९४४मध्ये जर्मन सैन्याने उडवून दिला आणि थेट २००१मध्ये पुन्हा जोडला गेला. पुलावरून समोरच्या टेकडीवरची बॅसिलिका सारे आकाश व्यापून टाकते. शंभर मीटर उंचीची ही वास्तू १८५६मध्ये पवित्र झाली, म्हणजे वितेझच्या दृष्टीने अगदीच कालची. त्याचे एस्टेरगोम तिच्या दक्षिणेला लागून असलेल्या किल्ल्यात आहे. तेराव्या शतकात राजे बुडाला गेले, मूळ राजवाडा आर्चबिशपांकडे आला आणि वितेझने त्यात भर घातली. भविष्य सांगणाऱ्या सिबिलांची आणि राजांची चित्रे असलेले दालन, उद्याने, ग्रंथालय, अशी वर्णने इतिहासकार बोनफिनीने करून ठेवली आहेत.

त्यातले बहुतेक तुर्कांच्या वेढ्यांत मातीखाली गेले. १९३४ ते १९३८च्या उत्खननात एक लहानशी खोली सापडली, तिच्या भिंतीवर रंगवलेल्या कमानींखाली चार स्त्रिया: विवेक, संयम, धैर्य आणि न्याय. वरच्या कमानीवर राशिचक्र आहे. यांतली एक आकृती तरुण बोत्तिचेल्लीने काढली असा दावा २००७मध्ये करण्यात आला आणि त्यावरून कलेतिहासकारांत वाद सुरू झाला. पर्यटकांना साहजिकच हाच वाद आधी ऐकवला जातो. चित्रकार कोणीही असो, ही खोली अधिक काही सांगते: आल्प्सच्या अलीकडे इटालियन धाटणीचे असे अभ्यासदालन इतक्या लवकर क्वचितच आढळते. रेगिओमोन्टानसने १४६७मध्ये याच गावी आपली दिशाकोष्टके रचली आणि वितेझला अर्पण केली. ती पुढे छापली गेली आणि शतकभर ज्योतिषी वापरत राहिले.

गुरुशिष्यांत बिनसले ते पैशावरून आणि युद्धावरून. तुर्कांना तोंड देण्याऐवजी मात्याशने १४६८मध्ये बोहेमियाशी युद्ध पत्करले, त्यासाठी कर वाढवले, चर्चच्या उत्पन्नाला हात घातला. सल्लागारांत सिलेशियाचा योहान बेकेन्सलोएर पुढे आला आणि वितेझ मागे पडला. अखेर वितेझ आणि पान्नोनियुस यांच्या पुढाकाराने असंतुष्टांनी पोलंडच्या राजाचा तेरा वर्षांचा मुलगा काझिमीर याला गादीसाठी बोलावले. १४७१च्या शरद ऋतूत तो सैन्यासह आला, पण तोवर मात्याशने बहुतेक सरदार आपल्याकडे वळवून घेतले होते. पोलिश फौज आल्या पावली परतली. काहींच्या मते यात वृद्ध आर्चबिशपची महत्त्वाकांक्षा दिसते. पण त्याची जुनी पत्रे वाचली तर तुर्कांची चिंता ही त्याची जन्मभराची चिंता होती, आणि बंडामागे तीच असावी असे मानायला अधिक आधार आहे.

डिसेंबरात समेट झाला. तो टिकला नाही. नव्या वर्षाच्या आरंभी मात्याशने वितेझला पकडून विशेग्रादला ठेवले. एस्टेरगोमहून विशेग्रादची बस डॅन्यूबच्या काठाने सुमारे पंचवीस किलोमीटर जाते, नदी येथेच डोंगरांमधून वळत दक्षिणेकडे झुकते. वरच्या बालेकिल्ल्यावर राजमुकुट ठेवला जाई, आणि १४४०मध्ये तो तेथूनच चोरीला जाऊन फ्रेडरिककडे पोचला होता. ज्याने मुकुट सोडवून आणायला मदत केली, तो मुकुटाच्याच किल्ल्यावर कैदी झाला. खालचा राजवाडा मात्याशने नंतर सजवला. तोही पुढे इतका गाडला गेला की १९३४मध्ये खणून काढीपर्यंत त्याच्या अस्तित्वाबद्दलच शंका घेतल्या जात.

भाचा पळून गेला आणि मार्च १४७२मध्ये झाग्रेबजवळच्या मेद्वेदग्राद किल्ल्यावर वारला. वितेझची सुटका पोपच्या वकिलाच्या आणि इतर बिशपांच्या मध्यस्थीने झाली, पण एस्टेरगोमचा ताबा बेकेन्सलोएरकडे गेला. आपल्याच वाड्यात पहाऱ्यात राहून वितेझने ऑगस्ट १४७२मध्ये प्राण सोडला. त्याची लाल संगमरवरी समाधीशिला बॅसिलिकेच्या तळघरात आहे. तळघरात गर्दी असते ती बहुधा विसाव्या शतकातील कार्डिनल मिंडसेंटीच्या थडग्यापाशी.

बेकेन्सलोएर पुढे एस्टेरगोमचा आर्चबिशप झाला आणि १४७६मध्ये खजिन्यासह फ्रेडरिककडे पळून गेला, तेव्हा मात्याशला आपण कोणावर भरवसा टाकला हे कळले असेल. त्याला नंतर साल्झबुर्गची गादी मिळाली आणि वितेझची काही पुस्तके त्याच्याबरोबर तिकडे गेली. आज ती साल्झबुर्ग, म्युनिक, व्हिएन्ना अशा ग्रंथालयांत आहेत. काहींच्या समासांत वितेझने स्वतःच्या हाताने नकलाकारांच्या चुका सुधारलेल्या दिसतात.