खरवडलेली तबकडी

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठीं गेल्या वर्षीं विद्यार्थ्यांनीं आमच्याकडे एक यादी मागितली : सुशिक्षित मनुष्यानें आयुष्यांत एकदां तरी ऐकाव्यात अशा दहा तबकड्यांची. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितों. संगीताचें शास्त्र आम्हांस येत नाहीं. परंतु ‘येत नाहीं’ असें प्राध्यापकास म्हणवत नाहीं, हा आमच्या व्यवसायाचा जुना दोष आहे. आम्हीं अर्ध्या तासांत यादी करून दिली. अब्दुल करीम खां, बालगंधर्व, बाख, बीथोवेन, अमेरिकेंतील जाझवाला माइल्स डेव्हिस, शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’, आणि अशीच आणखी चार नांवें. छापून आल्यावर यादी मोठी भारदस्त दिसली. मात्र तींतील दोन तबकड्या आम्हीं अखेरपर्यंत कधीं ऐकल्याच नव्हत्या, आणि ज्या दोन आम्हीं सर्वांत अधिक वेळां ऐकल्या आहेत त्या तींत नव्हत्या, ही गोष्ट अंक हातीं पडल्यावर आमच्या ध्यानांत आली. त्या दोहोंपैकीं एकीवर नांवच नाहीं, तेव्हां ती यादींत घालणार कशी, अशी आम्हीं मनाची समजूत घातली. दुसरीवर नांव होतें, आणि म्हणूनच ती घातली नव्हती.

नांव नसलेली तबकडी घनसावंगीच्या आमच्या वाड्यांतली. आमचे आजोबा निजामाच्या राज्यांत महसूल खात्यांत कारकून होते. कामानिमित्त हैदराबादेस गेले असतां तेथील जुन्या बाजारांतून त्यांनीं एक फोनो आणि पंचवीसएक तबकड्या आणिल्या. जालन्यापर्यंत आगगाडीनें आणि पुढें बैलगाडीनें, कडब्यांत गुंडाळून. लाखेची तबकडी म्हणजे पापडाची जात. हिसका बसला कीं संपली. त्यांतील सात वाटेंत फुटल्या. त्या सात कोणकोणाच्या होत्या हें आजोबांस चाळीस वर्षांनंतरही नांवनिशीवार पाठ होतें, आणि शाबूत राहिलेल्यांचें कौतुक करण्यापेक्षां त्या सातांविषयीं हळहळण्यांत त्यांस अधिक गोडी वाटे.

आमच्या लहानपणीं, म्हणजे १९७० नंतरच्या दशकांत, गांवांत वीज येई तशीच जाई. फोनोस तिची पर्वा नव्हती. रविवारीं संध्याकाळीं आजोबा ओसरीवर तो काढीत. किल्ली भरावयाचें काम आमचें. सुयांची पत्र्याची डबी मात्र त्यांच्या कनवटीस. प्रत्येक तबकडीस नवी सुई लागे, म्हणून ते सुया मोजून ठेवीत व मोजून काढीत. साडेतीन मिनिटांत एक बाजू संपे.

या तबकड्यांत एक फार जुनी होती. एकाच अंगावर गाणें, दुसरें अंग कोरें. मधल्या गोल कागदावरचीं अक्षरें कोणीं तरी चाकूनें खरवडून काढिलेलीं. गाणारी स्त्री होती. आवाज उंच, पातळ, पत्र्याच्या भिंतीपलीकडून यावा तसा. आणि तिची सारी लगबग अशी कीं जणूं बाहेर टांगा उभा आहे आणि तिला निघावयाचें आहे. आम्हांला शब्द कळत नसत, राग कळत नसे. पण तिची तान वर चढून एकाएकीं हंसल्यासारखी खालीं येई तेव्हां आमच्या पोटांत पाळण्यांतल्यासारखें होई. आज पन्नाशी ओलांडल्यावरही दुसऱ्या कोणत्याही तबकडीनें तसें झालेलें नाहीं. “ही कोण?” असें विचारलें कीं आजोबा म्हणत, “असेल कोणी तरी.” गाणें थांबतांक्षणीं ते सुई उचलीत. तबकडी अजून बोटभर उरलेली दिसे. “पुढें रिकामी आहे,” ते म्हणत, “सुई उगाच झिजते.”

समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब आमच्याच पंचक्रोशींतलें. आमच्या घरीं दिवेलागणीस मनाचे श्लोक होत, ते झाल्यावर फोनो. या क्रमांत विसंगत कांहीं आहे असें आम्हांस तरी वाटलें नव्हतें.

त्याच पेटींत अब्दुल करीम खांसाहेबांची झिंझोटींतली ठुमरी होती. भीमसेन जोशी यांनीं ही ठुमरी लहानपणीं एका दुकानांत ऐकली आणि गाण्याच्या शोधांत घर सोडलें, ही कथा प्रसिद्ध आहे. आमच्यावर तिचा असा कांहीं परिणाम झाला नाहीं. लहानपणीं आम्हांस वाटे कीं हे गृहस्थ आजारी असावेत. पुढें पुष्कळ वर्षांनीं, वडील गेल्यावर, मध्यरात्रीं ती ऐकतांना कळलें कीं तो आवाज आजारी नव्हे, तर तो कोणालाच ऐकविण्यासाठीं लावलेला नाहीं. मिरजेंत राहून आयुष्यभर सभा गाजविलेल्या गवयाच्या आवाजांत इतका एकांत कोठून आला असावा, याचें उत्तर आम्हांला अद्याप मिळालेलें नाहीं.

बालगंधर्वांविषयीं मात्र कबुली द्यावी लागते. आमच्या वडिलांचा तो प्राण होता. ‘स्वयंवरा’तील पदें भास्करबुवा बखल्यांच्या चालींची, १९१६ सालचीं, तीं लागलीं कीं वडिलांचे डोळे भरून येत. आम्ही शेजारीं बसून मान डोलवीत असूं, आणि मनांत म्हणत असूं, यांत एवढें काय आहे? बालगंधर्व १९६७ सालीं वारले. आमचा जन्म त्यानंतरचा. ज्यांनीं तो शालू, तो रंगमंच, तें अत्तर अनुभविलें, त्यांना तबकडींतून तें सारें ऐकूं येत असलें पाहिजे. आम्हांला केवळ एक चांगला गवई ऐकूं येतो. हें आम्हीं वडिलांस कधीं सांगितलें नाहीं, आणि यादींत त्यांचें नांव दुसऱ्या क्रमांकावर घातलें.

आतां त्या दुसऱ्या तबकडीविषयीं. ती सुलोचना चव्हाणांच्या लावण्यांची. औरंगाबादेस शिकत असतां आम्हीं ती प्रथम ऐकली आणि प्राध्यापकीच्या पहिल्या पगारांतून विकत घेतली. ठसका, अक्षरांची ती स्वच्छ फेंक, आणि माजघरांतल्या बाईनें डोक्यावरचा पदर न ढळूं देतां बैठक जिंकावी तसा तो रुबाब! परंतु आमच्या दिवाणखान्यांत दर्शनीं असे बीथोवेनची पांचवी सिंफनी, आणि लावण्या असत कपाटाच्या खालच्या कप्प्यांत, जुन्या उत्तरपत्रिकांखालीं. पाहुणे आले कीं आम्ही सिंफनी लावीत असूं. पाहुणेही बहुधा पहिल्या पांच मिनिटांतच निघत, त्यामुळें तिचा पुढील भाग ऐकण्याचा प्रसंग आम्हांवर आला नाहीं. “चोरून ऐकायला ती काय दारू आहे?” असें आमच्या कुटुंबानें एकदां विचारलें. आम्हीं वर्तमानपत्र उघडलें. सुलोचनाबाईंना २०२२ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां आम्हीं ती तबकडी वरच्या कप्प्यांत ठेविली. त्याच वर्षीं डिसेंबरांत बाई वारल्या. सरकारी शिक्का बसेपर्यंत आपण वाट पाहिली, ही टोंचणी राहिलीच आहे.

माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ आम्हीं पुस्तकें वाचून घेतली. गाण्यास पाने लावण्याची ही खोड आम्हां इंग्रजी शिकलेल्यांचीच. १९५९ सालीं न्यूयॉर्कांत अवघ्या दोन बैठकींत मुद्रित झालेली ही तबकडी दोनदां ऐकतांना आम्हांस गाढ झोंप लागली. तिसऱ्या वेळीं आरंभींचें गत ऐकतां ऐकतां आम्ही उठून बसलों : हे तर काफी थाटाचे स्वर! पुढें वाचनांत आलें कीं त्या मंडळींनीं नेहमींची स्वरसंघांची झपाट्यानें बदलणारी चौकट टाकून एकेका स्वरसप्तकावर स्वस्थ रेंगाळावयाचें ठरविलें होतें, आणि त्या पहिल्या गतीचें सप्तक आपल्या काफीशीं जुळतें. तेव्हांपासून ती आम्हांला आवडते. पण आवडतें तें जाझ, कीं परमुलखांत अवचित भेटलेला गांवकरी, हें सांगवत नाहीं. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची गोष्ट याउलट. १९६७ सालची ही तबकडी काश्मिरी मेंढपाळाचा पहांटेपासूनचा दिवस अहीर भैरवापासून पहाडीपर्यंत रंगविते. आम्हीं काश्मीर पाहिलेलें नाहीं. संतुराचा पहिला झंकार झाला कीं आम्हांला दिसते ती घनसावंगीची भल्या पहांटेची वेस आणि ज्वारीच्या रानांत शिरणारा धनगर. संगीतकाराची यास हरकत नसावी.

गेल्या मे महिन्यांत वाड्याच्या वांटणीसाठीं आम्ही घनसावंगीस गेलों. माळ्यावरून फोनो निघाला. त्याची कमान तुटली होती. जालन्याच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीनें ती बसवून दिली. डबींत चार सुया शिल्लक होत्या. आमच्या पुतण्यानें नेमकी ती खरवडलेली तबकडी उचलली. किल्ली भरण्याचें काम या वेळीं त्याचें. आवाज आला, तोच, तीच लगबग, तीच हंसरी तान. गाणें थांबलें. संवयीनें आमचा हात पुढें गेला. पण पुतण्या आडवा बसला होता आणि त्याला सुई झिजण्याचा धाक कोणीं घातलेला नव्हता. तबकडी खरखरत फिरत राहिली, आणि मग त्या कर्ण्यांतून तीच स्त्री, ठणठणीत स्वरांत, चक्क इंग्रजींत म्हणाली कीं माझें नांव गौहर जान.

ज्यांना ठाऊक आहे त्यांना यांत नवल नाहीं. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रण सुरू झालें त्या १९०२ सालींच कलकत्त्यास गौहर जाननें कर्ण्यांत तोंड घालून गाइलें. मूळ मुद्रिका जर्मनींत हॅनोव्हरला जात व तबकड्या तेथून होऊन येत. तेथील कारागिरांना ही कोण हें कळावें म्हणून गाणारी शेवटीं आपलें नांव सांगे. अवघा राग तीन मिनिटांत बसवावयाचा म्हणून ती लगबग. हें सर्व आम्हीं पुस्तकांतून वाचलें होतें, वर्गांत एकदां सांगितलेंही होतें. आणि ज्या आवाजावर आम्ही वाढलों तो तिचाच, हें आमच्या गांवीं नव्हतें. आमच्या घरांत तवायफेचें नांव नको म्हणून कागद खरवडला गेला, आणि उरलेलें बोटभर अंतर आजोबा दर रविवारीं सुई उचलून झांकीत आले.

आम्हांला त्या क्षणीं केसरबाई केरकरांची आठवण झाली. गोव्यांतल्या केरीच्या कलावंत घराण्यांतली ही गायिका. १९७७ सालीं अमेरिकेनें ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अंतराळांत धाडली. तींत बाख व बीथोवेन यांच्या पंक्तीला हिंदुस्थानचें म्हणून एकच गाणें आहे, केसरबाईंची भैरवी. यानें सुटलीं त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच सप्टेंबरांत, बाई निवर्तल्या. तबकडीबरोबर सुईही दिलेली आहे, आणि ती कशी टेंकवावी याच्या आकृत्या वेष्टनावर कोरल्या आहेत. कोठें उचलावी हें ऐकणाऱ्यावर सोडलें असावें.

हें सारें आम्ही पुतण्याला सांगत होतों. आई खांबाला टेंकून वाती वळीत बसली होती. तिला ऐंशी उलटून गेलीं. ती म्हणाली, “गौहर जान. हो तर.”

“तुला ठाऊक होतं?”

“मामंजी जांबेला दर्शनाला गेले कीं सासूबाई दार लोटून हीच लावायच्या. शेवटपर्यंत. ती नांव सांगायला लागली कीं ह्या हंसायच्या.”

“पण मग नांव खरवडलं कोणी?”

“मामंजींनीं. घरांतल्या बायकांच्या नजरेस पडूं नये म्हणून.” आईनें वात तबकांत ठेविली. “आतां तबकडीच बोलते, त्याला ते तरी काय करणार?”

“आणि आजोबांना हें कधींच कळलं नाहीं?”

“कोण जाणे बाबा. सुया तर ते मोजून ठेवायचे. पण कमी झाल्या म्हणून कधीं बोलले नाहींत.”

मग तिनें ती पुन्हां लावावयास सांगितली. आम्हीं जुनी सुई काढली आणि डबींतून दुसरी घेतली, दोन राहिल्या.