सौंदडची गाडी

नागझिऱ्याच्या जंगलात रेल्वे नाही. उत्तरेकडून तिरोडा, गोंदियावरून मुंबई-हावडा मार्ग जातो. पूर्व आणि दक्षिण अंगाने गोंदिया-बल्लारशा लाइन वळसा घालते. मधलं जंगल रुळांनी सोडून दिलं. का सोडलं, याचं उत्तर साधं आहे: तिथं डोंगर होते आणि उतरायला माणसं नव्हती.

साकोलीत वाढणाऱ्या मुलाला हे उत्तर पटणारं नव्हतं. पाचवी-सहावीत असताना भूमितीच्या वहीच्या मागच्या पानांवर माझा एक देश होता. त्याला झेंडा नव्हता, राजा नव्हता, सैन्यही नव्हतं. फक्त राष्ट्रीय रेल्वे होती. सौंदडहून निघायची, साकोली, पिटेझरी, नागझिरा, मंगेझरी करत तिरोड्याला पोचायची. चोरखमाऱ्याला एक फाटा होता, कारण ते नाव मला फार आवडायचं. वेळापत्रक पेन्सिलीने लिहिलेलं, म्हणजे गाडीला उशीर झाला की खोडता येई. नागझिऱ्याला वीस मिनिटं थांबा, तळ्यावर इंजिनाला पाणी पाजायला. नागभीडला इंजिन पाणी घेताना पाहिलं होतं, तिथून हे सुचलं असणार. त्या देशाचा कायदा एकच होता: एक्स्प्रेस नाही. सगळ्या गाड्या पॅसेंजर आणि प्रत्येक गावाला थांबणाऱ्या. पुढे खऱ्या देशाची रेल्वे बरीच पाहिली, पण असा कायदा कुणी केलेला दिसला नाही.

खरी गाडी साकोलीजवळच्या सौंदडला भेटायची. तिला सगळे 'छोटी लाइन' म्हणत. रुळांमधलं अंतर अडीच फूट. गोंदियाच्या स्टेशनात एका बाजूला बडी लाइन, दुसऱ्या बाजूला छोटी. बड्या लाइनवरून उतरलेला कलकत्त्याचा माणूस आमच्या डब्याकडे पाहून हसायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्या हसण्यामागे इतिहास होता. नागपूर-छत्तीसगढ रेल्वे 1882 साली राजनांदगावपर्यंत गेली, तीही मीटरगेजच. 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ती घेतली आणि मोठी केली. पण हा थाट मुख्य मार्गापुरता. गोंदियाहून उत्तरेला बालाघाट, नैनपूर, जबलपूर आणि दक्षिणेला नागभीड, चांदा अशा ज्या वाटा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढल्या, त्या स्वस्तात काढल्या. अरुंद रूळ म्हणजे अरुंद भराव, छोटे पूल, तीव्र वळणं. जंगलातलं लाकूड, बालाघाटचं मॅंगनीज, पूर्वभागातला तांदूळ बड्या लाइनवर आणून टाकणं हा हिशेब. त्यात माणसं बसली, ही माणसांची हुशारी.

आणि बसायची कशी! तेंदूपानाच्या हंगामात मे महिन्यात गोंदियाचे बिडीवाले, त्यांचे मुनीम, पुडे मोजणारी पोरं. पावसाळ्यात रोवण्याला निघालेल्या बायांचे जथे. दिवाळीनंतर सिंगाड्याची पोती, मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावांतून ढिवरांनी काढलेली, ओली. त्यांच्यावर कुणी बसलं तर धोतर ओलं व्हायचं आणि भांडण पेटायचं. याच दिवसांत मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होत, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्र-रात्र झाडीपट्टीची नाटकं करत फिरत. अर्जुनीच्या मामाकडे जाताना एकदा आमच्या डब्यात चेहऱ्याचा रंग नीट न पुसलेला नट झोपलेला होता. आई म्हणाली, खलनायक असावा, नायक असा घोरत नाही. वडसा हे बरीच वर्षं गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्टेशन होतं, म्हणून ते नाटकांचं माहेरघर झालं असावं, असा माझा तर्क आहे. पडदे, पेट्या, तबले बैलगाडीने किती दूर नेणार?

गोंदिया ते सौंदड चाळीसेक किलोमीटर. छोटी लाइन दोन तास सहज घ्यायची. चढावर तिचा वेग इतका पडायचा की पोरं उतरून बोरं तोडून पुन्हा चढत. या गोष्टी आता लोक डोळे ओले करून सांगतात. मला त्या गहिवराचा थोडा कंटाळा येतो. त्याच गाडीतून आजारी माणसाला नागपूरला न्यायचं असेल तर नागभीडला गाडी बदलून सगळा दिवस जायचा; बाळंतपण अडलं असेल तर विचारूच नका. बडी लाइन हवी असं आमच्याकडे प्रत्येकाला वाटायचं, आणि ते बरोबरच होतं.

ती नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने आली. जबलपूरकडच्या भागाला आणखी वेळ लागला. तिथली छोटी गाडी 2015 मध्ये बंद झाली आणि अख्खा मार्ग मोठा व्हायला 2020 उजाडलं. नागपूर-नागभीडची छोटी लाइन 2019 च्या नोव्हेंबरात थांबली. नागपुरात मोतीबागेला छोट्या लाइनचं संग्रहालय आहे, तिथं जुनी इंजिनं रंग देऊन उभी केली आहेत. मी नातवाला घेऊन गेलो होतो. त्याला ती खेळण्यातली वाटली, आणि खरंच, रूळ रुंद झाल्यावर ती तशीच दिसतात.

जबलपूर जोडलं गेलं आणि आमची आडवाट उत्तर-दक्षिण प्रवासाचा जवळचा रस्ता झाली. लांबच्या एक्स्प्रेस सौंदडवरून धडधडत जाऊ लागल्या. कोळशाच्या मालगाड्या वाढल्या. आणि पॅसेंजर, जिच्यासाठी इतकी निवेदनं दिली होती, ती कडेच्या रुळावर उभी राहायला शिकली. अपडाउन करणारे शिक्षक, पासवाली कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख असलेले शेतकरी, सगळे खिडकीतून वाघिणी मोजत बसतात. वाघिणी म्हणजे मालडबे. आमच्या भागात हा शब्द जपून वापरावा लागतो.

कारण दुसऱ्या वाघिणीही याच वाटेने येतात. नागझिरा 1970 पासून अभयारण्य आहे आणि 2013 च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. नकाशात तो एक दिसतो, जमिनीवर तुकड्यातुकड्यांचा आहे. उत्तरेला कान्हा, दक्षिणेला ताडोबा, मधे आम्ही. तरुण वाघाला स्वतःचा मुलूख शोधायला चालावंच लागतं. नागझिऱ्याचा 'जय' 2013 मध्ये रस्ते, नदी, शेतं ओलांडत पार उमरेड-कऱ्हांडल्याला गेला. जो नवेगावकडे किंवा पुढे ताडोब्याकडे निघेल, त्याच्या वाटेत गोंदिया-बल्लारशाचे रूळ येतात. 2018 च्या नोव्हेंबरात चंद्रपूर जिल्ह्यात याच लाइनवर वाघाचे तीन बछडे गाडीखाली मेले. ती बातमी वाचली तेव्हा मला माझ्या वहीतल्या रेल्वेचा नकाशा आठवला. पिटेझरी ते मंगेझरी, जंगलाच्या बरोबर मधून. नशीब, त्या देशाकडे पैसा नव्हता.

छोट्या लाइनच्या काळात प्राणी मरत नव्हते असं मी म्हणणार नाही. पण बोरं तोडू देणारी गाडी सांबराला बाजूला व्हायलाही अवधी देत असणार. वेग आला तेव्हा त्याची किंमत कुणी भरायची हे ठरलंच नाही. ती थोडी जंगलाने भरली, थोडी पॅसेंजरने.

पॅसेंजरची तर कोरोनाने ओळखच पुसली. 2020 मध्ये गाड्या थांबल्या, आणि पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजर 'स्पेशल' झाली होती. डबे तेच, थांबे बहुतेक तेच, पण किमान तिकीट दहाचं तीस रुपये. हिरडामालीहून गोंदियाला भाजी विकायला जाणाऱ्या बाईला वीस रुपये काय असतात, ते तिच्या टोपलीकडे पाहून कळतं. 2024 च्या फेब्रुवारीत जुना दर परत आला. त्या आठवड्यात सौंदडच्या खिडकीवर एक म्हातारबाबा दहाची नोट देऊन पुन्हा पुन्हा विचारत होते, "बराबर हाय न जी? मांगून मंग पकडसाल मले."

आता दुसरी लाइन होणार आहे. गोंदिया-बल्लारशा दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2025 च्या एप्रिलमध्ये मंजुरी दिली. 240 किलोमीटर, सुमारे 4,819 कोटी रुपये. मला ती हवी आहे. दोन रूळ असले तर मालगाडीसाठी पॅसेंजरला बाजूला उभं राहावं लागणार नाही, निदान ते कारण तरी उरणार नाही. पण ओलांडणाऱ्या जनावराला मग एकाऐवजी दोन रूळ असतील, आणि एकावरची गाडी गेली म्हणून ते निर्धास्त पाऊल टाकेल तेव्हा दुसऱ्यावरून उलट दिशेची आलेली असेल. खालून वाट ठेवायची तर भराव घालतानाच ठेवावी लागते. पेंचजवळच्या नागपूर-सिवनी महामार्गाखालून आज वाघ जातात, कारण ते पूल रस्त्याबरोबरच बांधले. भराव झाल्यावर माती उकरून पूल करा म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

म्हणून अपडाउनवाल्यांनी सह्यांचं निवेदन काढलं तेव्हा मसुदा माझ्याकडे आला. त्यात संध्याकाळची एक जादा पॅसेंजर होती, छोट्या स्टेशनांचे थांबे कायम ठेवा असं होतं, गाड्या वेळेवर सोडा असं होतं. मी जंगलपट्ट्यातले पूल आणि रात्रीचा वेग कमी ठेवणं, ही दोन कलमं घातली. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याने सही करण्याआधी ते अख्खं वाचलं, एवढं नीट कुणीच वाचलं नव्हतं, आणि कागद पुढे सरकवून म्हणाला, "गाडी हळू पायजे का जोरात, एक काय ते लिवा न जी."

मी खाली हाताने लिहिलं: जंगलात हळू, बाकी वेळेवर. मग त्याने सही केली.